लोड नसतानाच्या नोंदी

माझ्या वडिलांना मी त्यांच्याच घराच्या हॉलमधून हाकललं, आणि त्यासाठी माझ्याकडे भक्कम पुरावा होता. पुरावा नसता तर एवढं बोलले नसते, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. आता तेही सांगत नाही.

कोपरखैरण्यात आमची दोन खोल्यांची जागा आहे. आमची म्हणजे आप्पांची. ते तुर्भ्याकडच्या एका केमिकल कंपनीत युटिलिटीला ऑपरेटर होते. युटिलिटी म्हणजे कंप्रेसर, बॉयलर, पाण्याचे पंप. माल दुसरेच कोणीतरी बनवायचे, यांनी त्यांना हवा, वाफ आणि पाणी पुरवायचं. दर तासाला फिरून प्रत्येक मशीनचे काटे बघायचे आणि लॉगबुकात लिहायचे, शिफ्ट संपली की खाली शेरा लिहून पुढच्याच्या ताब्यात द्यायचं. सगळी नोकरी यातच गेली. कंपनी सुटली पण सवय काही सुटली नाही. रिकाम्या खोलीत पंखा चालू दिसला की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारा लाइटचं बिल वाचवतोय. बिलाचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. काम नसताना मशीन फिरवायचं नाही, एवढंच होतं. समोर कोणी नसताना पंखा फिरतोय याचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा, जसा काहींना नळ ठिबकलेला सहन होत नाही.

लग्न मोडून मी परत आले तेव्हा आई जाऊन काही वर्षं झाली होती आणि दादा-वहिनी नावड्याला नव्या घरात राहायला गेले होते. आप्पांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळची त्यांची खाट आतल्या खोलीत गेली आणि तिच्या जागी माझं टेबल आलं. मी बिल्डरांसाठी थ्रीडी चित्रं करते. ज्या इमारतीचा पायासुद्धा अजून खणलेला नाही, तिच्या गॅलरीत ऊन कसं येईल, सोफ्यावर सावली कशी पडेल, ते दाखवायचं. उलवे, तळोजा, जिथे म्हणाल तिथे. माझ्या चित्रातल्या घरांत कधी कपडे वाळत नसतात, कोपऱ्यात म्हातारं माणूस बसलेलं नसतं. तशी मागणीच नसते.

या कामाला कॉम्प्युटर दांडगा लागतो, म्हणून आप्पांनी त्याच्यासाठी मीटरपासून वेगळी वायर ओढून घेतली. इलेक्ट्रिशियनच्या मानगुटीवर बसून घेतली. त्याने बोर्ड बंद केल्यावर परत उघडायला लावला, अर्थिंग दोनदा तपासायला लावलं. पंख्याचं बटण आणि कॉम्प्युटरचं बटण एकाच बोर्डावर आलं, पण मागच्या वायरी वेगळ्या. हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी "बरं बरं" म्हटलं होतं.

पुढे मी नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं. चित्रातला उजेड-सावलीचा सगळा जड हिशेब हे कार्ड करतं. जुन्यापेक्षा कितीतरी पट वेगवान. आठवडाभर मी खूश होते. मग मशीन हँग व्हायला लागलं. पडदा थिजायचा, माऊसचा बाण जागच्या जागी मरायचा, आतले पंखे मात्र निर्लज्जासारखे घुंघुं करत राहायचे. बटण दाबून बंद करायचं आणि परत चालू करायचं, दुसरा उपाय नाही. मग ते मोठं चित्र परत उघडायला वीस मिनिटं, आणि मधलं केलेलं काम गेलेलं.

मी करायचं ते सगळं केलं. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, काढला, नवा घातला, तो काढून जुना घातला. कार्ड बाहेर काढून त्याच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं, ब्रशने धूळ झाडली, परत बसवलं. पॉवर सप्लाय बदलला. तापमान बघत बसले, ते तर माझ्या डोक्यापेक्षा थंड होतं. शेवटी मशीन उचलून वाशीला एका दुकानात नेलं. त्याने दोन दिवस ठेवून घेतलं.

"मॅडम, कार्ड एकदम मक्खन चालतंय," तो म्हणाला. "सकाळपासनं फुल लोडवर टाकलं होतं. एकदा पण नाय अडकलं. तुमच्या घरच्या लाइटचा लफडा असनार. घरात कोन स्विच-बिच मारतं काय सारखं?"

तिथेच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असा प्रकाश कोणाच्या डोक्यात पडू नये.

कारण मी आठवून बघितलं, तर प्रत्येक वेळी तसंच झालं होतं. मी चहा टाकायला उठते. परत येते तो पंखा बंद आणि मशीन मेलेलं. जेवून येते, पंखा बंद, मशीन मेलेलं. अंघोळ करून येते, तेच. पंख्याचं बटण जुनं होतं, दाबलं की चट् आवाज यायचा, कधीकधी ठिणगीही दिसायची. एकाच बोर्डावर दोन्ही बटणं. आणखी काय पुरावा हवा होता? मला तर राग येण्याआधी आनंद झाला, की सापडलं एकदाचं.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा नीटच सांगितलं. आप्पा, मी नसताना पंखा बंद करू नका. ते म्हणाले बरं. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता एका बिल्डरच्या ऑफिसातल्या माणसाला मी पडद्यावरून चित्र फिरवून दाखवणार होते. सगळं उघडून तयार ठेवलं आणि पावणेअकराला पाणी भरायला आत गेले. बाटली भरून येते तर आप्पा बोर्डापासून मागे वळत होते, पंख्याची पाती मंदावत होती आणि पडदा थिजलेला होता.

मी काय काय बोलले ते सगळं मला आठवतं. आठवत नाही असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

"किती वेळा सांगायचं? मुद्दाम करता का तुम्ही?"

"आगं, हात गेला," ते म्हणाले. "पन ती वायर येगळी हाय. पंख्याचा तिच्याशी काय संबंध न्हाय."

"तुम्हाला काय कळतं यातलं? हा तुमचा कंप्रेसर नाहीये! हात लावायच्या आधी विचारत जा ना, कुणाचं काय चालू आहे ते!"

एवढ्यावर थांबले असते तरी भांडण म्हणून ते विरून गेलं असतं. घरात भांडणं होतातच. पण मी पुढे म्हटलं, "मी काम करत असेन तोवर तुम्ही हॉलमध्ये येत जाऊ नका." मी सकाळी नवाला बसते आणि संध्याकाळी सात-आठला उठते. म्हणजे येऊच नका. ज्याने हे घर घेतलं, ज्याने खाट उचलून मला खिडकी दिली, त्याला मी हे सांगितलं, आणि तो "बरं" म्हणून आत गेला.

त्या बिल्डरच्या माणसाने फोनवर माझ्या सबबी ऐकल्या, "नो प्रॉब्लेम, नंतर बघू" म्हणाला, आणि ते काम दुसऱ्या कोणाकडे गेलं. त्याचंही खापर मी आप्पांच्याच डोक्यावर फोडलं.

आमच्या घरात आतल्या खोलीतून बाहेर पडायचं तर स्वयंपाकघर ओलांडून हॉलमधूनच जावं लागतं. त्या दिवसापासून आप्पा खाली बागेत जायला निघाले की स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारायचे, "जाऊ का?" मी पडद्यावरची नजर न काढता मान हलवायची. मग ते भिंतीच्या कडेने, बोर्डापासून लांबून जायचे. मला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं नाही. मला ते थोडं बरंही वाटत होतं, शिस्त लागली म्हणून.

उरलेला वेळ ते स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायचे. तिथून हॉल दिसतो. मांडीवर कंपनीची एक जुनी डायरी असायची, तिच्यात काहीतरी लिहायचे. मला वाटलं नामजप लिहितायत. खालच्या मजल्यावरचे काका लिहितात तसं. म्हटलं लिहू देत, तेवढाच हाताला चाळा.

आणि मशीन हँग होतच होतं. आता पंखा चालू असायचा, तरी हँग. इथे कुठल्याही शहाण्या बाईने थांबून विचार केला असता. मी नाही केला. आरोपीच्या हातून ठरलेला गुन्हा होईना म्हटल्यावर मी कलमं वाढवली. दिवसा मिक्सर लावू नका. गीझर माझ्या आधी उरका. फ्रिज सारखा उघडू नका, म्हणजे बघा, फ्रिज! दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तो कसा देतात ते माझ्याकडून शिकावं.

पंधरा-वीस दिवस गेल्यावर एका दुपारी ते दारातूनच म्हणाले, "एक सांगू का?"

"बोला."

"लोडवर मरत न्हाय ते. तू जोरात काम करतीस तवा काय होत न्हाय. तू उठलीस की मरतंय. आमच्याकडं मोठा कंप्रेसर व्हता, त्याचं बी असंच. फुल लोडवर कधी ट्रिप न्हाय झाला. लोड सोडला की जायचा."

"आप्पा, प्लीज. आधीच टेन्शन आहे."

त्यांनी डायरी उघडून आणखी एक ओळ लिहिली, एवढं मला आठवतं.

एका रविवारी दादा आला. त्याच्यासमोरच आप्पांनी दारात थांबून मला विचारलं, "जाऊ का?" दादाने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. तो भांडला नाही. फक्त म्हणाला, "आप्पा, चला चार दिवस आमच्याकडे." आप्पांनी पिशवी भरली. दोन धोतरं, बंड्या, गोळ्यांचा डबा. निघताना ते हॉलमधल्या बोर्डासमोर थांबले. पंखा आणि ट्यूब दोन्ही चालू होतं, मी त्यांना सोडायला खाली निघाले होते, खोली रिकामी होणार होती. त्यांनी बोर्डाकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग चपला घातल्या.

खोटं कशाला बोलू, दार लावल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मी भाजी आणायला खाली गेले. जाताना मुद्दाम सगळं चालू ठेवलं, पंखा, ट्यूब, मशीन. घराला कुलूप. अर्ध्या तासाने मेथीची जुडी घेऊन परत आले. पंखा चालू होता. ट्यूब चालू होती. आणि पडदा थिजलेला होता, बाण कोपऱ्यात मेलेला.

मी पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले. घरात कोणी नव्हतं. ओरडायला सुद्धा कोणी नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतेय, पण कावळा माझा बाप असेल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी उठले की कार्डाचं काम थांबायचं. मी उठले की आप्पा पंखा बंद करायचे. दोन्हीचं कारण मी उठणं हे होतं. आणि मी त्या दोघांतल्या एकाला दुसऱ्याचा गुन्हेगार ठरवला होता.

डायरी फ्रिजवर ठेवलेली होती. मी ती पहिल्यांदा उघडली. नामजप वगैरे काही नव्हता. पट्टीने रकाने आखलेले होते: वेळ, खुर्ची, पंखा, मशीन. अक्षर तेच, लहानपणी माझ्या वह्यांना कव्हर घालून नाव लिहायचे ते.

१०.४०. खुर्ची रिकामी (चहा). पंखा चालू. मशीन बंद पडले.
१.२०. खुर्ची रिकामी (जेवण). पंखा चालू. मशीन बंद पडले.
३ ते ५.३०. खुर्ची भरलेली. काम जोरात. पंखा चालू. मशीन ठीक.

अशी पानंच्या पानं. एका दिवशी त्यांनी मी फोनवर बोलत गॅलरीत गेले ती वेळही टिपली होती. पहिल्या पानावर, मी हॉलबंदी करण्याआधी पंखा बंद केल्याच्या नोंदीही आठवून लिहिलेल्या होत्या, समोर प्रामाणिकपणे लिहिलेलं, "माझ्याकडून". शेवटच्या भरलेल्या पानावर खाली शेरा होता, शिफ्ट सोडताना लिहायचे तसा. "लोडवर ठीक. लोड सुटताच बंद पडते. पंख्याचा संबंध नाही. मुलीला सांगणे." आणि त्याच्यापुढे वेगळ्या शाईत, "सांगितले."

मी खुर्चीत बसून रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि थोडं या रागाने, की हे त्यांनी ओरडून का नाही सांगितलं. म्हणजे त्या क्षणीसुद्धा माझं बोट त्यांच्याकडेच वळत होतं.

मग मी इंटरनेटवर पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला. इतके दिवस मी शोधत होते, काम करताना कार्ड हँग का होतं. आता शोधलं, काम नसताना का होतं. माझ्यासारखे रडणारे जगभर निघाले. काम नसलं की हे कार्ड वीज वाचवायला आपला वेग आणि विजेचा दाब आपणच खाली आणतं, काम आलं की परत वर नेतं. माझं कार्ड खाली उतरायचं आणि तिथेच रुतायचं. मी समोर बसलेली असले की काही ना काही चालू असायचं, म्हणून ते उतरायचंच नाही. दुकानदाराने दिवसभर लोडवर ठेवून ते ठीक ठरवलं, ते याच कारणाने. त्याला रिकामं ठेवून बघायचं कोणाला सुचलंच नाही. सुचलं ते एकाला, आणि त्याला मी दारात बसवलं होतं.

एक सेटिंग होती, कार्डाला खाली उतरूच न देणारी. ती लावली. तेव्हापासून आजपर्यंत मशीन एकदाही हँग झालेलं नाही.

सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागली. नावड्याला जायला मला अकरा दिवस लागले. काम होतं, घसा बसला होता, रविवारी पाहुणे येणार होते. खरं म्हणजे जाऊन काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

गेले तेव्हा दुपार टळली होती. दादा बाहेर गेला होता, वहिनी स्वयंपाकघरात होती. आप्पा हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. तळोज्याच्या कंपन्यांचा वास खिडकीतून येत होता. वहिनी त्याला वैतागते, आप्पांना त्याचं काही नाही.

माफी मागायची असं ठरवून गेले होते. पण तोंडातून सगळं टेक्निकलच निघालं. वेग, दाब, सेटिंग. ते मन लावून ऐकत होते.

"लोड सुटतानाच ना?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्ही लिहिलं होतं तेच."

"मंग." त्यांचा चेहरा जरा उजळला. "आता काय केलंस?"

"आता ते खाली येतच नाही. सतत वरच ठेवलंय."

"म्हंजे काम नसताना बी फिरतंय?"

"हो."

त्यांनी धोतराचा सोगा सारखा केला. मग म्हणाले, "बरं. चालतंय न्हवं? झालं तर."

"आप्पा, घरी चला. टेबल सरकवते मी. खाट परत खिडकीपाशी घेऊ."

"बघू."

समोर बेडरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आत कोणी नव्हतं, आणि पंखा फुल स्पीडवर फिरत होता. मला तो दिसत होता, म्हणजे त्यांनाही दिसत होता. ते नेमके त्याच्याच समोर बसले होते. मी वाट बघत होते, आता उठतील. ते उठले नाहीत.

"आप्पा, तो पंखा..."

"राहू दे," ते म्हणाले. "कुनाचं काय चालू असंल."

वाक्य माझंच होतं. त्यांनी टोमणा म्हणून टाकलं नव्हतं. टोमणा असता तर मी झेलला असता. ते एखादा नियम सांगावा तसं सरळ म्हणाले. मला ते ऐकवेना. मी उठले, आत गेले आणि इकडेतिकडे न बघता पंखा बंद करून परत येऊन बसले.

दोन-तीन मिनिटांनी वहिनी हात पुसत बेडरूममध्ये गेली. आतूनच तिचा आवाज आला, नेहमीचा, त्यात राग वगैरे काही नव्हता. "अगं बाई, पंखा कुणी बंद केला? कपडे वाळत घातलेत ना मी इथे!"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा खुर्चीचा हात धरून अर्धे उठले.

"मी न्हाय," ते म्हणाले. "मी हात बी लावला न्हाय." उत्तर वहिनीला होतं, पण बघत ते माझ्याकडे होते.